नाण्यावरचे साल आणि ठशाची साक्ष

वाचकहो, अशी कल्पना करा, की एका गावच्या दप्तरात तीस वर्षांचे कागद आहेत, पण प्रत्येक कागदावर साल मात्र एकच घातले आहे. लिहिणारा गेला, त्याला ओळखणारे गेले. आता कोणता कागद आधीचा आणि कोणता मागाहूनचा, हे तुम्ही कसे ठरवाल? कोणी शाईचा रंग पाहील, कोणी अक्षराचे वळण पाहील. आणि एखादा चतुर माणूस कागदावरचा शिक्का पाहील. शिक्क्याची कड एके ठिकाणी तुटली असेल, तर त्यानंतर उमटलेल्या प्रत्येक कागदावर ती तूट दिसणारच. ज्या कागदावर तूट नाही तो आधीचा, ज्यावर आहे तो नंतरचा. शिक्का खोटे बोलत नाही!

हा कोड्याचा खेळ वाटेल. पण इतिहासात असे खरोखर घडले आहे. दूर अमेरिकेत, बॉस्टन नावाच्या बंदरात, इसवी सनाच्या सतराव्या शतकात सुमारे तीस वर्षे चांदीची नाणी पाडली गेली, आणि त्यांतल्या बहुतेक सर्वांवर साल घातले एकच : 1652. ही नाणी कोणत्या क्रमाने निघाली हे कसे शोधले, तेच आज सांगायचे आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. इंग्लंडातून निघालेली माणसे 1630 च्या सुमारास मोठ्या संख्येने त्या किनाऱ्यावर उतरली आणि मॅसॅच्युसेट्सची वसाहत उभी राहिली. जमीन होती, लाकूड होते, समुद्रात मासळी होती. नव्हता तो पैसा. इंग्लंडातून माल आणायचा तर तिकडे नाणे द्यावे लागे, आणि एकदा गेलेले नाणे परत येत नसे. मग व्यवहार कसा चालायचा? आपल्याकडे बलुतेदाराला धान्य देत, तसाच प्रकार. मका दिला, गुरे दिली, बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी दिली. तिथल्या मूळ रहिवाशांचे शिंपल्यांचे मणी पैशासारखे चालत. इतकेच काय, 1635 साली बंदुकीची गोळीसुद्धा एक फार्दिंग किमतीला चालेल असा नियम झाला. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हा तेव्हाचा हिशेब.

पुढे वसाहतीची गलबते वेस्ट इंडीज बेटांकडे मासळी आणि लाकूड घेऊन जाऊ लागली आणि परत येताना स्पॅनिश चांदीची नाणी आणू लागली. ही चांदी मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली. पण नाणी ओबडधोबड, कडा कातरलेली, काही तर हिणकस. बाजारात प्रत्येक नाण्याची पारख करायची कोणी? तेव्हा बॉस्टनच्या कायदेसभेने, तिला तिकडे जनरल कोर्ट म्हणत, 1652 च्या मे महिन्यात स्वतःची टाकसाळ काढायचे ठरवले. काम सोपवले जॉन हल नावाच्या सोनाराकडे. त्याने रॉबर्ट सँडरसन या दुसऱ्या सोनाराला भागीदार करून घेतले. लोकांनी आपली चांदी आणावी, हलने ती गाळून ठरलेल्या कसाची करावी आणि आपला मेहनताना वळता करून त्यांना नाणी द्यावीत, अशी रीत होती.

या नाण्याचे वजन तुम्हांला आपल्या मापात सांगतो. शिलिंग 72 ग्रेनांचे होते आणि आपला तोळा 180 ग्रेनांचा. म्हणजे अडीच शिलिंगांचा बरोबर एक तोळा भरे. इंग्लंडातले शिलिंग यापेक्षा जड, सुमारे 93 ग्रेनांचे. चांदीचा कस दोन्हीकडे सारखाच. वजन मात्र बॉस्टनचे मुद्दाम कमी. कारण उघड आहे. नाणे हलके असले, तर व्यापारी ते इंग्लंडला न्यायला नाखूश राहील आणि पैसा घरी टिकेल.

पहिली नाणी अगदीच साधी निघाली. गोल चकतीवर एका बाजूला न्यू इंग्लंडची दोन आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूला किमतीचा रोमन आकडा, आणि बाकी सगळी जागा कोरी. आता लबाडाला यापेक्षा काय हवे? कोरी कड थोडी कातरून घेतली तरी कोणाला कळणार? कायदेसभेच्या हे लवकरच ध्यानी आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हुकूम सुटला, की नाण्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी कडे असावे, त्यात अक्षरे असावीत, एका बाजूस मध्ये एक झाड आणि दुसऱ्या बाजूस साल असावे. कड कातरली तर अक्षरे कापली जातील आणि चोरी उघडी पडेल, हा त्यातला हेतू.

हुकुमात 'एक झाड' एवढेच म्हटले होते, कोणते ते सांगितले नव्हते. म्हणून नाण्यांवर निरनिराळी झाडे आली. पुढच्या अभ्यासकांनी त्यांचे तीन वर्ग केले. ज्यावर फांद्यांचा नुसता गुंता दिसतो ते 'विलो', म्हणजे वाळुंजाच्या जातीचे झाड. ज्यावर पसरट, डेरेदार झाड आहे ते 'ओक'. आणि ज्यावर सरळ खोडाचे, निमुळते झाड आहे ते 'पाइन', म्हणजे चीड किंवा देवदार यांच्या कुळीतले. पण साल? साल सगळ्यांवर 1652!

असे का केले असेल? एक समजूत अशी आहे, की इंग्लंडात 1649 साली राजाचा शिरच्छेद झाला आणि 1660 पर्यंत तिथे राजाच नव्हता. नाणे पाडणे हा राजाचा हक्क. राजा परत आल्यावर जाब विचारला, तर 'ही नाणी राजा नव्हता त्या काळची' असे म्हणायला जागा राहावी, म्हणून जुने साल कायम ठेवले. दुसरे मत साधे आहे : टाकसाळीचा कायदा 1652 चा, म्हणून नाण्यावर कायद्याचे साल. दोन्ही मतांना मानणारे लोक आहेत. परिणाम मात्र एकच झाला. नाण्यावरचे साल नाण्याची जन्मतारीख सांगेनासे झाले.

मग खरी तारीख सांगणार कोण? इथे ठसा आपल्या मदतीला येतो. कारखान्यात काम करणारी मंडळी त्याला 'डाय' म्हणतात. टणक धातूच्या तुकड्याच्या तोंडावर कारागीर झाड, अक्षरे, आकडे उलटे कोरतो. एक ठसा खाली, एक वर, मध्ये चांदीची चकती. दाब दिला की दोन्ही बाजूंना चित्र सुलटे उमटते. आता हे कोरीव काम हाताचे. एकाच सोनाराने केलेल्या दोन ठुश्या बारकाईने पाहिल्या तर जशा तंतोतंत सारख्या नसतात, तसेच दोन ठसेही कधी सारखे नसतात. एका ठशात झाडाची फांदी एका अक्षराच्या समोर येते, तर दुसऱ्यात दोन अक्षरांच्या मधल्या फटीसमोर. पण एका ठशातून निघालेली सगळी नाणी मात्र सख्खी भावंडे. त्यांच्या अंगावर तीच खूण, त्याच जागी.

या खुणा किती मजेच्या असतात पाहा. मॅसॅच्युसेट्स हे नाव तिकडच्या लिपीत लिहायला लांबलचक. एका पाइन शिलिंगाच्या ठशात कोरणारा त्यातले 'एच' हे अक्षरच विसरला. ते तसेच राहिले आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर उमटले. काही ठशांत 'एन' हे अक्षर उलटे पडले आहे. उलटे कोरण्याच्या नादात कारागिराने नेमके तेच सुलटे कोरले असणार! ज्यांनी रबराच्या तुकड्यावर किंवा बटाट्यावर आपले नाव कोरून पाहिले असेल, त्यांना त्याची अडचण लगेच कळेल. एका ठशात झाडाच्या खोडाजवळ दोन बाजूंना दोन ठिपके आहेत. ओकच्या शिलिंगांत 'इन' हा दोन अक्षरी शब्द काही ठशांत झाडाच्या डावीकडे येतो, तर काहींत अगदी तळाशी. आणि एका ओकच्या फांद्या तर अशा टोकदार, की अभ्यासकांनी त्याला 'काटेरी झाड' असेच नाव देऊन टाकले.

आता नाणे पाहायची रीत सांगतो. ती तिकडच्या नाण्यांना लागते तशी आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या नाण्याला लागते. पहिली गोष्ट, नाणे सरळ धरा; झाडाचे खोड खाली, शेंडा वर. दुसरी गोष्ट, शेंड्यावरून मनातल्या मनात एक रेघ वर न्या आणि ती कोणत्या अक्षराला लागते ते टिपून ठेवा. मग तसेच उजव्या फांदीचे, डाव्या फांदीचे, मुळाचे. तिसरी गोष्ट, ठिपके मोजा आणि कोठे आहेत ते पाहा. मग नाणे उलटा. सालाचे आकडे आणि खालचा किमतीचा आकडा एकमेकांपासून किती दूर, कोणता आकडा कलता, ते पाहा. दोन नाण्यांत या सगळ्या गोष्टी जुळल्या तर ठसा एकच. एक जरी मूळची खूण जुळली नाही तर ठसा वेगळा, किंवा तोच ठसा मागाहून पुन्हा कोरलेला. झिजलेला ठसा फेकून न देता त्याच्या रेघा परत खोल करण्याची चाल तिथल्या टाकसाळीतही होती.

इथे नवशिका हमखास एक चूक करतो. नाण्याची झीज, पोचा, ओरखडा, कातरलेली कड, चकती हलल्यामुळे दुहेरी उमटलेले अक्षर, या गोष्टींना तो ठशाची खूण समजतो. त्या ठशाच्या खुणा नव्हेत. त्या त्या एकट्या नाण्यावर गुदरलेल्या गोष्टी आहेत. बैलगाडीच्या धावेला खाच पडली असेल, तर चाकाच्या दर फेऱ्याला वाटेवर तीच खूण उमटते. पण वाटेवरच्या एखाद्या दगडाने एके ठिकाणी चाकोरी बिघडली, तर ती तेवढ्यापुरतीच. पहिली खूण चाकाची, दुसरी वाटेची. हा भेद ज्याला कळला त्याला ही विद्या अर्धी आली असे समजा.

आता क्रम कसा लावायचा? ठसा मार खाऊन खाऊन तडकतो. तडा प्रथम केसासारखा असतो, मग लांबतो. तडा गेलेल्या जागी चांदी शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. समजा, झाडाच्या बाजूचा एक ठसा आहे. त्याला सालाच्या बाजूचा एक जोडीदार मिळाला. तो जोडीदार आधी निकामी झाला, म्हणून दुसरा लावला. पहिल्या जोडीच्या नाण्यांवर तडा आखूड आणि दुसऱ्या जोडीच्या नाण्यांवर लांब असेल, तर पहिली जोडी आधीची हे सिद्ध झाले. साल काहीही असो! अशी एक कडी दुसरीला, दुसरी तिसरीला जोडत गेले की साखळी तयार होते.

पण साखळीला कोठेतरी खुंटी हवी. नाही तर क्रम कळेल, काळ कळणार नाही. ती खुंटी एका बारक्या नाण्याने पुरवली. 1662 साली कायदेसभेने दोन पेनींचे नवे नाणे काढायला सांगितले, आणि त्या नाण्यावर मात्र 1662 हेच साल घातले गेले. त्यावर झाड आहे ओकचे. म्हणजे 1662 साली ओकचे ठसे चालू होते, हे पक्के झाले. दुसरी खूण नाण्याच्या अंगलटीची. पाइनची काही शिलिंगे रुंद आणि पातळ आहेत, तर काही लहान आणि जाड. वजन ठरलेले एकच. रुंद नाणी वक्र ठशांच्या झुलत्या यंत्राने दाबली असावीत, कारण ती किंचित लहरदार दिसतात, आणि लहान नाणी स्क्रूच्या यंत्राने, असा जाणकारांचा कयास आहे. हे सगळे धरून आज असा क्रम मानतात : 1652 मध्ये साधी नाणी, मग 1660 पर्यंत विलो, त्यानंतर 1667 पर्यंत ओक, पुढे 1674 पर्यंत रुंद पाइन आणि 1675 ते 1682 पर्यंत लहान पाइन.

हे काम एका माणसाचे नव्हे, एका पिढीचेही नव्हे. 1875 साली सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांनी जुने कायदे आणि नाणी एकत्र मांडून ग्रंथ लिहिला. पुढे सिडनी नोए यांनी 1943, 1947 आणि 1952 साली तीन पुस्तके काढून एकेका ठशाच्या जोडीला क्रमांक दिला. तो 'एच' विसरलेला शिलिंग पाइनच्या यादीत अकराव्या क्रमांकाचा. आजही अभ्यासक नाण्याची ओळख याच क्रमांकाने करून देतात, आणि 2010 साली ख्रिस्तोफर सॅल्मन यांनी हा सारा विषय नव्याने तपासला.

तुम्ही म्हणाल, एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? पहिला उपयोग लबाडी पकडण्याचा. 1856 साली थॉमस वायट नावाच्या इसमाने अशी बरीच नाणी विकायला काढली आणि ती बॉस्टनजवळच्या चेल्सी किनाऱ्यावर पुरलेल्या भांड्यात सापडल्याची कथा पसरवली. शेवटी ती बनावट ठरली. नवा ठसा कोरून खोटे नाणे पाडले, तर त्याच्या खुणा अस्सल नाण्याच्या कोणत्याच ठशाशी जुळत नाहीत. अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतले, तर गंमत वेगळीच होते. मूळ नाण्यावरचा पोचा आणि ओरखडासुद्धा साच्यात उतरतो. मग दोन नाण्यांवर तोच ओरखडा, त्याच जागी! ओरखडा ही वाटेची खूण, ती दोघांवर सारखी असेल कशी? म्हणून म्हटले, चाकाची खूण कोणती आणि वाटेची कोणती हे कळले पाहिजे.

दुसरा उपयोग गोष्टी पारखण्याचा. नॅथॅनिएल हॉथॉर्न या प्रसिद्ध लेखकाने 1841 साली एक गोष्ट छापली. टाकसाळीच्या हलने मुलीच्या लग्नात तिला तराजूच्या एका पारड्यात बसवले, दुसऱ्यात पाइनची शिलिंगे ओतली आणि तिच्या भारंभार चांदी जावयाला दिली! मुलगी चांगली गुबगुबीत होती, असेही लेखक सांगतो. आता हिशेब करून पाहू. हलची मुलगी हॅना आणि सॅम्युएल सीवॉल यांचे लग्न 1676 मध्ये झाले, आणि तिला पाचशे पौंड मिळाल्याची नोंद आहे. पाचशे पौंडांची दहा हजार शिलिंगे. अडीच शिलिंगांचा तोळा, म्हणजे चार हजार तोळे, म्हणजे पन्नास शेर : सव्वा मण, आजच्या हिशेबाने सुमारे सत्तेचाळीस किलो. नवरी सडपातळ धरली तर गोष्ट वजनाला उतरते, गुबगुबीत धरली तर उतरत नाही. शिवाय ती रक्कम दिली गेली हप्त्यांनी. त्यामुळे तराजूचा प्रश्नच उरत नाही. गोष्ट गोड आहे, मुलांना जरूर सांगावी. पण गोष्ट म्हणून सांगावी.

या टाकसाळीचा शेवट कसा झाला? इंग्लंडात राजा परत आला होता. 1665 साली त्याच्या प्रतिनिधींनी टाकसाळीचा कायदा रद्द करा असे बजावले; वसाहतीने कानाडोळा केला. 1676 साली एडवर्ड रँडॉल्फ हा राजाचा माणूस बॉस्टनला आला आणि इथे राजाच्या हक्कावर घाला पडतो आहे, अशा तक्रारी त्याने वर पाठवल्या. यात आपल्याला जवळची एक गोष्ट आहे बरं का! ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाला बॉस्टनची टाकसाळ खुपत होती, त्याच राजाने त्याच 1676 साली ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत नाणी पाडायची सनद दिली. टाकसाळ वाईट नव्हती. राजाला न विचारता काढलेली टाकसाळ वाईट होती. पुढे बॉस्टनची टाकसाळ बंद पडली, 1683 मध्ये हल वारला आणि 1684 मध्ये वसाहतीची सनदच रद्द झाली. नाणी मात्र लोकांच्या हातांत फिरत राहिली. 1711 साली कॅनडाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या 'फेव्हरशॅम' या इंग्रजी युद्धनौकेच्या अवशेषांत ही झाडाची नाणी सापडली आहेत. म्हणजे टाकसाळ बंद पडून पाव शतक लोटले तरी लोकांचा त्या झाडावरचा विश्वास टिकून होता.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक सुचवतो. अमेरिकेतली नाणी आपल्या वर्गात कोठून येणार? त्यांची गरजही नाही. मुलांना घरून एका सालचे एकेक नाणे आणायला सांगा. सालाच्या खाली बारीक चौकटचा दिसला तर ते मुंबईच्या टाकसाळीचे, चांदणी दिसली तर हैदराबादचे, ठिपका दिसला तर नोएडाचे, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. एकाच सालाच्या, एकाच किमतीच्या नाण्यांची चार माहेरे! कोणाच्या घरी जुनी तांब्याची शिवराई असेल तर तीही आणू द्या. घासूनपुसून मात्र आणू नका, कारण राखेने घासलेले नाणे मुके होते. दोन शिवराया शेजारी ठेवा आणि 'छत्रपति' ही अक्षरे दोन्हींवर कशी बसली आहेत ते मुलांनाच पाहू द्या. त्यांना भेद दिसले की त्यांचे डोळे कसे चमकतात ते तुम्ही पाहाल.

लिहिलेले ते सगळे खरे, असे आपण सहज धरून चालतो. आणि एकदा फसलो की लिहिलेले सगळे खोटे, असेही लगेच म्हणतो. बॉस्टनची नाणी आपल्याला तिसरी वाट दाखवतात. साल काय सांगते ते ऐकून घ्यावे, मग फांदीला विचारावे, ठिपक्याला विचारावे, तड्याला विचारावे. मोठ्या अक्षरांत लिहिलेले लिहिणाऱ्याच्या सोयीचे असू शकते. हातून नकळत राहिलेल्या चुकीला मात्र कोणाची भीड नसते.